पापुद्र्यातलं भोक

संस्थेत तिला सगळे चाळणीबाई म्हणत. नाव कोणी ठेवलं ते आता कोणाला आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने अगदी चपखल ठेवलं होतं. कामच तिचं चाळण्याचं. हवेच्या पार पलीकडे संस्थेचा एक उपग्रह फिरत होता आणि त्याच्यावर क्ष-किरण बघणारी दुर्बीण होती. हाड मोडल्यावर दवाखान्यात वापरतात तेच क्ष-किरण. आकाशातून येणारे हे किरण हवेत अडकतात, खाली पोचत नाहीत, म्हणून त्यांना बघायला वर जावं लागतं. दुर्बिणीने जे बघितलं ते चाळणीबाईच्या पडद्यावर यायचं, ठिपक्यांचा नुसता सडा. त्यातले ताऱ्यांचे कुठले आणि यंत्राच्या खोड्या कुठल्या, हे ती निवडायची. खडे बाजूला, तांदूळ पुढे शास्त्रज्ञांकडे. त्या तांदळावर मग कोणाकोणाची नावं व्हायची. चाळणाऱ्याचं नाव कुठे येत नाही, पण तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. डोळे तिचे घारीचे होते आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं.

नवरा त्याच संस्थेत. त्याला म्हणत पापुद्रेवाले. आता हे काम जरा समजून घ्यावं लागेल, कारण पुढचं सगळं रामायण ह्या पापुद्र्यावरून आहे. दुर्बिणीच्या आत, किरण जिथे येऊन पडतात तिथे, वाटेत एक झिरझिरीत पापुद्रा ताणून बसवतात. कांद्याच्या आतल्या सालीहूनही पातळ, वर धातूचा मुलामा दिलेला. क्ष-किरण त्यातून आरपार जातात आणि साधा उजेड, आपल्या डोळ्यांना दिसतो तो, बाहेर अडतो. उजेड आत शिरला तर यंत्र फसतं, त्याला तेही क्ष-किरणच वाटतात. म्हणजे पापुद्र्याला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी सगळ्या दुर्बिणीवर पाणी. हा पापुद्रा कड्यावर चिकटवायचं काम संस्थेत एकालाच जमायचं. श्वास रोखून, कोपर टेबलाला टेकवून, चिमट्याने. हात थरथरतो म्हणून त्याने तरुणपणीच चहा सोडला होता.

दोघांची ओळखही त्या पापुद्र्यानेच झालेली. लिफ्टमध्ये तो छातीशी डबा धरून उभा होता, ती घाईघाईत आत शिरली, आणि त्याने तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य असं होतं, "बाई, श्वास जरा तिकडे सोडा." दुसरी एखादी असती तर तोंड फिरवून गेली असती. हिने खरोखर भिंतीकडे तोंड करून श्वास सोडला. सासूबाई अजून सांगतात, मुलाने मुलगी बघितली ती पाठमोरी आणि पसंत केली.

तर हे असं सुखाचं चाललं होतं आणि त्या सुखाला भोक पडलं.

उपग्रह नवीन होता तेव्हाची गोष्ट. दुर्बीण सगळं आकाश पट्ट्यापट्ट्याने झाडून काढत होती. चाळणीबाईला एका पट्टीत एक डाग दिसला. ठिपका नाही, डाग, कडा विरलेल्या. तिथे कुठला तारा नव्हता, काहीच असायला नको होतं. तिने नेहमीप्रमाणे तो बाजूला काढला आणि वर कळवला. शोधाशोध झाली तेव्हा समजलं की त्या दिवशी त्या जागी एक धूमकेतू होता. लहानसा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा.

मग बैठक बसली. शहाणी माणसं एकत्र बसली की एक गंमत होते. प्रत्येक जण एकेक पायरी बरोबर चढतो आणि सगळे मिळून खड्ड्यात जातात. धूमकेतू म्हणजे बर्फ आणि धूळ, हे सगळ्यांना माहीत. क्ष-किरण निघायचे तर लाखो अंशांची उष्णता हवी, हेही सगळ्यांना माहीत. बर्फातून क्ष-किरण निघत नाहीत. म्हणजे डाग क्ष-किरणांचा नाही. म्हणजे तो धूमकेतूचा साधा उजेड. साधा उजेड आत आला, म्हणजे पापुद्र्याला भोक आहे. भोक आहे, म्हणजे चिकटवणारा चुकला. चिकटवणाऱ्याला बोलावलं. मोठे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, म्हणाले, "काय वाटतं तुम्हाला?" पापुद्रेवाले टेबलाकडे बघत म्हणाले, "असेल. एका कडेला मलाही शंका होती."

संपलं. त्याला कोणी काही बोललं नाही. मोठे सर तर खांद्यावर हात ठेवून म्हणाले की होतं असं. पण पुढच्या उपग्रहाचे पापुद्रे बाहेरून घ्यायचे ठरले आणि त्याची बदली गोदामात झाली. तिथे तो दुसऱ्यांची यंत्रं लाकडी पेट्यांमध्ये भरून खिळे ठोकायचा. दुर्बिणीसाठी एक नियमही झाला, की तेजस्वी वस्तूंकडे ती वळवायची नाही. भोक आहे ना. आणि वळवलीच नाही, तर भोकाने पुन्हा त्रास कशाला द्यावा. सगळे म्हणाले, बघा, नियम पाळला तर यंत्र कसं गुण्यागोविंदाने चालतं.

घरात त्या भोकाबद्दल कधी शब्द निघाला नाही. पण ते होतं. नवऱ्याने हाताची बारीक कामं सोडून दिली. सासूबाई सुईत दोरा ओवायला पुढे करायच्या, तर तो म्हणायचा, "माझ्या हाताचं काही खरं नाही, आई. सुनेकडे दे." घड्याळाचा पट्टा सुटला तरी दुकानात घेऊन जायचा. लेकीला बाळ झालं तेव्हा सगळ्यांनी घेतलं, ह्याने लांबूनच बघितलं. चाळणीबाई हे सगळं बघायची आणि गप्प राहायची. डाग आपण दाखवला, याचं तिला वाईट वाटे, पण ते काही पाप नव्हतं. आणि तो चुकला होता, त्याला माणूस काय करणार. तिने त्याला मनातून कधीच माफ करून टाकलं होतं. एकदाही टोचून बोलली नाही, एकदाही विचारलं नाही. आपण किती समजूतदारपणे निभावलं, असं तिला कधीकधी वाटायचंही. वाटलं तर वाटलं, माणसाला स्वतःबद्दल काहीतरी चांगलं वाटायला लागतंच.

आणि आता नवरा निवृत्त व्हायला आला होता, आणि आकाशात भलामोठा धूमकेतू आला होता.

हा असा तसा नव्हता. पृथ्वीच्या इतक्या जवळून चालला होता की दिवेलागणीला माणसं गच्च्यांवर उभी राहून मान वर करून बघत. चाळणीबाईनेही बघितला. शेपूट पार अर्ध्या आकाशात गेलेली. सासूबाई म्हणाल्या, "एवढं मोठं काहीतरी येतं आणि आपल्याला न विचारता निघून जातं." नवरा आत रेडिओ ऐकत बसला होता. धूमकेतू ह्या शब्दालाच तो वळसा घालून जायचा.

संस्थेत एक नवीन मॅडम आल्या होत्या. शिकून-सवरून आलेल्या, वयाने लेकीएवढ्या, बोलायला फटकळ आणि चालायला भरभर. त्यांनी मोठ्या सरांच्या मागे लकडा लावला, दुर्बीण ह्या धूमकेतूकडे वळवून बघू. सर हसले. "बर्फाच्या गोळ्याला ताप आलाय का ते बघायचंय?" मॅडम म्हणाल्या, "बघितल्याशिवाय कसं कळणार?" सरांनी नियम दाखवला. मॅडम रोज यायला लागल्या. शेवटी सर कंटाळले. म्हणाले, "बघा बाई, एकदाचं बघा आणि माझी सुटका करा."

हे चाळणीबाईला कळलं. तिचा हिशेब सरळ होता. तो पहिला धूमकेतू डोळ्याला दिसतही नव्हता, तरी त्याचा उजेड भोकातून आत आला. हा तर उघड्यावर जळल्यासारखा दिसतोय. ह्याच्याकडे तोंड केलं तर उजेडाचा लोंढा शिरेल. भोक मोठं झालंय म्हणतील. यंत्र जळलं तर दुर्बीणच बंद. आणि का बंद पडली असं जो तो विचारेल, तेव्हा निवृत्तीच्या तोंडावर पुन्हा त्याच माणसाचं नाव निघेल. लोक विसरत आले होते. कँटीनमध्ये आता त्याच्या शेजारी नवी मुलं येऊन बसायची, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्याला तेवढं तरी मिळायला हवं होतं, की लोकांच्या विस्मरणात शांतपणे घरी जावं.

ती मॅडमच्या खोलीत गेली. म्हणाली, "मॅडम, राहू द्या ना तो धूमकेतू. पापुद्र्याला भोक आहे, यंत्राला धोका."

"ताई, किती मोठं भोक आहे?"

"ते मोजलेलं नाही."

"मग कोणी बघितलंय?"

"बघणार कसं, ते वर आहे. पण आहे. सगळ्यांना माहीत आहे."

मॅडमनी तिच्याकडे नीट बघितलं. त्यांना बिचाऱ्यांना कुठे ठाऊक, की पापुद्रा चिकटवणारा ह्या बाईच्याच डब्यातलं जेवतो. त्या इतकंच म्हणाल्या, "काळजी करू नका. जळालं तर शिव्या मला बसतील." चाळणीबाई मनात म्हणाली, तुम्हाला बसल्या असत्या तर प्रश्नच नव्हता.

दुपारची वेळ होती. उपग्रहाने जे बघितलं ते खाली उतरायला लागलं आणि चाळणीबाईच्या पडद्यावर ठिपके पडायला लागले. सुरुवातीला नेहमीसारखेच, इकडे एक, तिकडे एक. मॅडम मागे उभ्या राहून नखं कुरतडत होत्या. मग एका बाजूला ठिपके दाटायला लागले. दाटता दाटता त्यांचा आकार झाला. कोर. जाड, भरदार, उजळ, चतुर्थीच्या चंद्रासारखी, पाठ सूर्याकडे वळवलेली. त्या डागाशी हिची तुलनाच नाही. चाळणीबाईने इतकी वर्षं पडद्यावर काय काय बघितलं होतं, पण तिचे हात टेबलावरून आपोआप मागे आले.

मॅडमनी नखं सोडली आणि पडद्याला नाक लावलं. निरोप न देताच बातमी पसरली. खोली माणसांनी भरली आणि सगळे पडद्याकडे बघत नुसते उभे. एक जण खुर्चीवरून उठला तो पुन्हा बसायचं विसरला. शेवटी मोठे सर आले, त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, पुन्हा लावला.

"फाटलं," ते म्हणाले. "भोक फाटलं. बंद करा सगळं."

जे व्हायला नको होतं ते नेमकं झालं होतं, आणि ह्याही वेळी चाळणीबाईच्याच पडद्यावर.

"सर, एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "उजेड आत येत असता तर तो जिथे सगळ्यात जास्त आहे तिथे डाग दिसला असता. धूमकेतूच्या डोक्यावर. हा तर डोक्यावर नाहीच. बाजूला आहे, सूर्याच्या दिशेने."

"भोक वाकडं असेल."

"भोक वाकडं कसं असतं?"

मॅडम पुढे म्हणाल्या, "आपण सरळ एक करू. एखादा असा तारा घेऊ, जो डोळ्याला लख्ख दिसतो पण क्ष-किरण जवळजवळ देत नाही. त्याच्याकडे दुर्बीण वळवू. भोक असेल तर त्याचा उजेड आत येईल. नसेल तर काही दिसणार नाही."

"तेजस्वी वस्तूकडे वळवायची नाही. नियम आहे."

"नियम का आहे, सर?"

"पापुद्र्याला भोक आहे म्हणून."

"भोक आहे हे कशावरून?"

"त्या जुन्या डागावरून."

"मग तसा डाग पुन्हा कधी का आला नाही?"

"नियम पाळला म्हणून," सर म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले.

इतकी वर्षं हे शहाणे लोक आपलीच शेपूट पकडायला गोल फिरत होते आणि एकालाही चक्कर आली नव्हती. चाळणीबाईलाही ते त्याच क्षणी लख्ख दिसलं, आणि तरी तिच्या तोंडून निघालं ते भलतंच. ती म्हणाली, "नको."

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

"नको सर. कशाला पुन्हा. राहू द्या आहे तसं."

मोठ्या सरांना तेव्हा कुठे आठवलं की ही कोणाची बायको. त्यांचा चेहरा जरा ओशाळला. पण मोठे लोक ओशाळले की हुकूम सोडतात. ते मॅडमना म्हणाले, "वळवा त्या ताऱ्याकडे."

उपग्रह पुढे निघून गेला होता. तो फिरून यायचा, त्याला सांगायचं, त्याने बघायचं आणि पुन्हा येऊन दाखवायचं, ह्यात वेळ गेला. चाळणीबाईला वाटलं, गोदामात जाऊन नवऱ्याला सांगावं. जिन्यापर्यंत गेलीही. पण सांगणार काय? की तुमचं भोक मोठं झालं की काय ते बघताहेत? ती परत आली. कँटीनवाल्याने न मागता चहा आणून ठेवला, तो तिथेच गार झाला.

मग ताऱ्याचं चित्र उतरलं. ती डोळे फाडून बघत होती. ठिपके पडले, नेहमीचे, यंत्राच्या खोड्यांचे, इकडे एक, तिकडे एक. तारा जिथे असायला हवा तिथे काळंभोर. तिने कड तपासली, मधला भाग तपासला, पुन्हा कड तपासली. असा लखलखीत तारा समोर होता आणि पापुद्र्याने त्याच्या उजेडाचा कणही आत सोडला नव्हता.

"काही नाही," मॅडम कुजबुजल्या. "ताई, काहीच नाही ना?"

"नाही," चाळणीबाई म्हणाली.

पुढे जो गोंधळ झाला तो विचारू नका. धूमकेतू खरोखर क्ष-किरण देत होता. बर्फाचा गोळा, आणि क्ष-किरण. सगळे फळ्याकडे धावले. एक जण म्हणाला, सूर्याचेच क्ष-किरण धूमकेतूच्या धुळीवर आपटून इकडे येत असतील. दुसरा म्हणाला, छे, तेवढ्याने इतकी चमक येणार नाही, शंभरपट धूळ लागेल. तिसरा म्हणाला, वेगाने येणारे इलेक्ट्रॉन धूमकेतूच्या वाफेवर आदळत असतील. मॅडमनी खडू हिसकावून घेतला. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. सूर्यापासून सतत एक वारा सुटलेला असतो, सौरवारा. त्यात काही जड अणू असतात, ज्यांचे इलेक्ट्रॉन सूर्याच्या उष्णतेने काढून घेतलेले असतात. पार भुकेकंगाल. धूमकेतूभोवती वाफेचा ढग असतो. हे भुके तिथे पोचतात आणि वाफेकडून इलेक्ट्रॉन हिसकावून घेतात. तो हिसकावलेला इलेक्ट्रॉन नव्या घरात वरच्या मजल्यावरून खाली घसरत येतो आणि घसरताना जी ऊर्जा टाकतो ते क्ष-किरण. म्हणून कोर सूर्याच्या बाजूला. वारा तिकडून येतो ना. "धूमकेतू गरम असायची गरजच नाही," मॅडम म्हणाल्या. "ऊर्जा त्याची नाहीच. पाहुणे घेऊन येतात."

ह्यातलं कोणाचं खरं, ते ठरायला पुढे बराच काळ गेला आणि शेवटी मॅडमचीच बाजू वर आली. पण तेव्हा फळ्यापाशी सगळेच आपलंच घोडं दामटत होते. चाळणीबाई त्या गर्दीमागे उभी होती. ती म्हणाली, "सर, मग ते भोक?"

"कुठलं भोक?"

"पापुद्र्यातलं."

"अच्छा, ते," मोठे सर फळ्यावरची नजर न काढता म्हणाले. "ते नव्हतंच म्हणायचं."

आणि ते धुळीबद्दल बोलायला लागले. नव्हतंच म्हणायचं. एका माणसाचे हात काढून घेतले, आणि फळ्याकडे बघत सांगितलं, नव्हतंच म्हणायचं. चाळणीबाईच्या अंगाची लाही लाही झाली. त्यांचा चष्मा काढून घ्यावा आणि खिडकीबाहेर फेकावा असं तिला वाटलं. पण ती आयुष्यभर चाळत आलेली बाई, फेकाफेकी तिला जमणारी नव्हती. ती वळली आणि जिना उतरून गोदामाकडे निघाली.

गोदामात लाकडाच्या भुशाचा वास होता. नवरा एका पेटीवर झाकण ठेवून खिळे मारत होता. एकटाच होता. तिला अशी अवेळी तिथे बघून तो घाबरलाच.

"काय गं? आई बरी आहे ना?"

"आई बऱ्या आहेत. अहो, भोक नव्हतं."

त्याने खिळा तोंडातून काढला.

"धूमकेतूच क्ष-किरण देतात," ती म्हणाली. धापा टाकत होती. "आज दिसलं. सगळ्यांनी बघितलं. मग लख्ख ताऱ्याकडे वळवून बघितलं, कणभर उजेड आत येत नाही. तो डाग खराच होता, क्ष-किरणांचा. पापुद्रा धड होता. पहिल्यापासून धड होता."

तिला वाटलं होतं तो रडेल, किंवा ओरडेल, किंवा मटकन खाली बसेल. तो हातोडीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "ते मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पापुद्रा धड होता ते."

चाळणीबाईला एकदम कळेना. "कधीपासून?"

"चिकटवला तेव्हापासून. अगं, अंधाऱ्या पेटीत मागे दिवा लावून बघितला होता मी. एकदा नाही, कितीदा. भोक असतं तर दिसलं असतं मला."

"आणि कडेची शंका? बैठकीत म्हणालात ते?"

"शंका नव्हती."

शेजारी एक भरलेली पेटी होती तिच्यावर ती बसली. "मग बोलला का नाहीत? तोंड शिवलं होतं का तुमचं? धड पापुद्र्याला फाटका म्हणालात, इतकी वर्षं इथे खिळे मारत बसलात, आपल्या नातीला हात लावला नाहीत, आणि माहीत होतं म्हणता?"

"डाग तू आणला होतास ना," तो म्हणाला. जणू ह्यात सगळी उत्तरं होती.

"मी डाग आणला होता. भोक त्यांनी आणलं."

"हो, पण तेव्हा ते मला वेगळं काढता येईना. तुझे डोळे मला माहीत आहेत. तू म्हणालीस डाग आहे, म्हणजे आहे. आणि पापुद्रा धड आहे हेही मला माहीत. दोन्ही खरं कसं असेल, ते कळेना. मी रात्रंदिवस विचार केला. पापुद्रा धड म्हणालो असतो तर ते म्हणाले असते, मग डाग खोटा. बाईला भास झाला. तुझी नोकरीच त्या डोळ्यांवर." तो थांबला. "तुझे डोळे चुकले असं म्हणायला माझी जीभ रेटेना. मग म्हटलं, हातच चुकले असतील. एकदा म्हटलं आणि मग हळूहळू खरंच वाटायला लागलं. हात थरथरायलाही लागले."

दुपारपासून चाळणीबाईला धक्क्यावर धक्के बसत होते, पण बर्फाने क्ष-किरण द्यावेत हे त्यातलं सगळ्यात साधं होतं. ह्या माणसाने आपले हात एकीकडे आणि तिचे डोळे दुसरीकडे ठेवले होते आणि हात सोडून दिले होते. कोणाला सांगितलं नाही. तिलाही नाही. शेजारी झोपत होता आणि सांगितलं नाही.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं कुतूहल होतं, खूप दिवस विचारायचं राहून गेलेलं काहीतरी विचारावं तसं.

"एक सांगशील?" तो म्हणाला. "तुला काय वाटलं होतं तेव्हा? मी चुकलो असं वाटलं होतं?"

खोटं बोलता आलं असतं. नाही म्हटलं असतं तर त्याने ताबडतोब विश्वास ठेवला असता, तो ठेवायचाच. तिला तिचा सगळा समजूतदारपणा आठवला. एकदाही विचारलं नाही, ह्याचा तिला अभिमान होता. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तिने विचारलं नव्हतं, कारण तिला उत्तर माहीत होतं.

"हो," ती म्हणाली.

त्याने मान डोलावली. मग तो गुडघ्यावर हात टेकून उठला.

"बरोबरच आहे," तो म्हणाला. "तुझ्यापुढे डाग होता." आणि तिने जरा बाजूला सरकावं अशी खूण केली, कारण ती बसली होती त्या पेटीचेही खिळे मारायचे राहिले होते.